अर्धी बादली, पूर्ण गुण

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. सांख्यिकी कार्यालयात सगळे त्यांना भागाकारसाहेब म्हणत. समोर असले की साहेब, पाठ फिरली की नुसता भागाकार. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि कशाचंच वाईट वाटत नसे.

कुठलाही आकडा एकटादुकटा समोर आला की हा माणूस अस्वस्थ व्हायचा. शेजाऱ्याने कौतुकाने सांगावं, की मुलाला परीक्षेत चांगले गुण पडले, तर यांचा प्रश्न तयार: "अभ्यास किती केला होता?" खूप केला असेल तर यांच्या लेखी त्या गुणांची किंमत उतरायची. अशा माणसाला शेजारी चहाला फारसे बोलावत नाहीत. पण कार्यालयाला असाच माणूस हवा होता, कारण तिथलं मुख्य कामच भागाकाराचं होतं.

एक परदेशी संस्था दरवर्षी विकसनशील देशांचा तक्ता काढत असे. देशाने निसर्गातून काय काय घेतलं ते एका बाजूला: पाणी, लाकूड, जमीन. त्यातून माणसांचं काय भलं झालं ते दुसऱ्या बाजूला: किती मुलं शाळेत टिकली, किती बाळं जगली, माणसं सरासरी किती वर्षं जगली. जो देश थोडकं घेऊन पुष्कळ देतो त्याला पूर्ण एक गुण, बाकीच्यांना एकाच्या आतले. शिवाय प्रत्येक देशाला आपल्या सोयीच्या बाजूने उभं राहायची मुभा होती. एखाद्या देशाचं पाणी सगळ्यांत कमी असेल तर त्याच्या हिशेबात पाण्याला जास्त वजन द्यायचं, म्हणजे बसक्या नाकाच्या माणसाचा फोटो समोरून काढावा तसं. त्यामुळे कुणावर अन्याय होत नाही असं संस्थेचं म्हणणं होतं, आणि भागाकारसाहेबांचंही.

आपल्या देशाचे आकडे जुळवून या संस्थेला पाठवायचं काम त्यांच्याकडे होतं. लांबट खोलीत टेबलं एकामागे एक मांडलेली. खिडकीपाशी पाण्याचे आकडे गोळा करणारा बसे, त्याला सगळे पाणीवाला म्हणत. कपाटाला पाठ लावून जंगलाचे आकडे पाहणाऱ्या बाई बसत, त्या जंगलवाल्या बाई. त्यांच्या जिभेला धार होती आणि ती पाजळायला त्यांना समोर कुणीतरी लागे. बहुतेक वेळा ते भागाकारसाहेबच असत.

नवीन भरती झाली की पहिला धडा भागाकारसाहेब स्वतः घेत. फळ्यावर ते देश मांडत नसत, आपल्या राहत्या इमारतीतली पाच घरं मांडत. कोण दिवसाला किती बादल्या पाणी वापरतं आणि त्यात काय काय उरकतं: आंघोळी, कपडे, भांडी, फरशी, खिडकीतली झाडं. शेवटच्या नंबरावर नेहमी तळमजल्यावरचा घड्याळजी असे. त्याच्या दारापुढेच नळ, माणूस एकटा, आणि बादल्या मात्र एखाद्या कुटुंबाला पुरतील एवढ्या. वर्ग हसायचा. मग साहेब सर्वांत वरच्या ओळीवर खडू टेकवत.

"आणि ही माझी ताई. तिसरा मजला. अर्ध्या बादलीत हिचं सगळं होतं. घर आरशासारखं. खिडकीत तुळस, गुलाब. हिला किती गुण?"

"पूर्ण एक!" वर्ग ओरडायचा.

इतकी वर्षं हा धडा चालला, की कार्यालयात ताईचं नाव निघालं तर लोक जरा सावरून बसत. एकदा कुणीतरी निमंत्रण द्यायला घरी आलं तेव्हा दारात ताईला पाहून त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच का त्या अर्ध्या बादलीच्या ताई?" ताई हसली नाही, रागावलीही नाही. "ये, बस," म्हणाली, आणि त्याच्यापुढे पाण्याचा पूर्ण भरलेला पेला ठेवला.

ताई त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. नवऱ्याशी पटेना म्हणून दोन वर्षांत माहेरी परतलेली, आणि ते कुणालाही सरळ सांगणारी. "तो घोरायचा आणि खोटं बोलायचा. एकच काहीतरी असतं तर राहिले असते." आई-वडील गेल्यावर तिने घरी शिवणयंत्र चालवून भावाला वाणिज्य शाखेची पदवी मिळवून दिली. भावाच्या लग्नाचं बोलणं दोनदा निघालं, पण दोन्ही वेळा त्याने मुलीकडच्यांना असे काही प्रश्न विचारले, की ते पुन्हा फिरकले नाहीत. मग दोघंच राहिली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, उजेड भरपूर. नळ खाली अंगणात, सकाळी थोडा वेळ येणारा, आणि शौचालयंही खालीच, अंगणाच्या टोकाला. भागाकारसाहेब सकाळी नळावरच आंघोळ उरकून दोन बादल्या वर आणून ठेवत. रोज संध्याकाळी दीड बादली शिल्लक असे. ते झाकण उचलून पाहत आणि मनोमन खूश होत.

त्या वर्षी संस्थेचा कच्चा तक्ता नेहमीपेक्षा लवकर आला. छापण्याआधी तो प्रत्येक देशाकडे जायचा. देशाच्या माणसाने तपासून, सही करून परत पाठवायचा. भागाकारसाहेबांनी आपल्या देशाची ओळ शोधायला खालून सुरुवात केली, कारण ती नेहमी खालच्या अंगाला सापडे. सापडेना. वर वर जात ते पहिल्या पानावर आले. देशाला पूर्ण एक मिळाला होता.

त्यांनी सगळा हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला. बरोबर होता.

बातमी खोलीभर झाली. पाणीवाल्याने टाळ्या वाजवल्या. संचालक आपल्या खोलीतून बाहेर आले, आणि तसे ते क्वचितच येत. "मंत्रीसाहेबांना कळवतो," म्हणाले. "सत्कार होणार तुमचा. कोट आहे ना चांगला?"

फक्त जंगलवाल्या बाईंनी टाळी वाजवली नाही. "आणि पूर्वेकडच्या लोकांना कोण कळवणार?" त्यांनी विचारलं. "अभिनंदन म्हणून एक तार करा."

त्यांचं म्हणणं सगळ्यांना समजलं. पूर्वेकडचा भाग कोरडा. तिथे नळ आणि शौचालयं नेण्याची एक मोठी योजना परदेशी मदतीच्या यादीत होती, आणि मदत ठरायची ती याच तक्त्यावरून. ज्या देशाला सुधारायला जागा आहे त्याला मदत. ज्याला पूर्ण एक मिळाला, त्याला सुधारायला जागाच नाही असा अर्थ. तक्त्यावर सही झाली, की पूर्वेकडची योजना यादीतून आपोआप खाली पडणार होती.

"बाई, गुण मिळाला तो काय मी मागितला?" भागाकारसाहेब म्हणाले. "हिशेब सांगतो तसं."

"हिशेब कधी काही सांगत नाही. तुम्ही सांगता आणि त्याच्या नावावर खपवता."

"तुमच्या जंगलाचे आकडे पण त्यात आहेत."

"म्हणून तर मला लाज वाटते आहे," बाई म्हणाल्या आणि फाइल उघडून बसल्या.

भागाकारसाहेबांनी तक्ता टेबलाच्या खणात ठेवला. सही करायची होतीच, पण उत्तराला अजून अवकाश होता. नीट निवांतपणे, चांगल्या शाईने करावी असं त्यांच्या मनात होतं.

त्याच आठवड्यात ताईला थंडी वाजून ताप भरला. पाठीत कळा येत होत्या. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "काही नाही, उतरेल." दुसऱ्या दिवशी तिला धरून जिना उतरवताना भागाकारसाहेबांना पहिल्यांदा कळलं, की ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते. रोज घरात असणाऱ्या माणसाने ते पाहिलं नव्हतं, कारण तो घरी असताना ती जिन्यात नसे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मूत्रपिंडाला सूज होती, आणि ती आजकालची नव्हती.

"दिवसभरात पाणी किती पिता?" त्यांनी विचारलं.

उत्तर भागाकारसाहेबांनी दिलं, आणि त्यात थोडा अभिमानही होता. "हिला फार कमी लागतं. पहिल्यापासून. पाणी जपून वापरावं तर हिने—"

"तुम्हाला नाही विचारलं." डॉक्टरीणबाईंनी मानही वर केली नाही. "आजी, तुम्ही सांगा."

ताईने भावाकडे पाहिलं. "धाकट्या, तू जरा बाहेर बस."

ते बाहेर गेले. पण दोन्ही खोल्यांच्या मध्ये नुसता पडदा होता आणि बाक त्याला लागूनच.

"प्यायलं की खाली जावं लागतं," ताईचा आवाज आला. "तीन जिने. गुडघे हे असे. सकाळी भाऊ कामाला गेला की एकदा उतरते, अंधार पडायच्या सुमारास तो यायच्या आत एकदा. मधे जायची वेळ येऊ नये म्हणून पीतच नाही."

"कधीपासून?"

"गुडघे गेल्यापासून असं नाही, त्याच्याही आधीपासून. अंगणात दिवसभर माणसं पत्ते खेळत बसलेली असतात. त्यांच्यासमोरून डबा घेऊन किती वेळा जायचं?"

"तहान लागत नाही?"

"लागते की. तहान काय विचारून येते? पण तिला थोडा वेळ बसवून ठेवलं, की कंटाळून जाते."

"आणि घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तो सगळीकडे माझं कौतुक सांगत फिरतो."

पडद्याबाहेर भागाकारसाहेब बसले होते. समोरच्या भिंतीवर माणसाच्या पोटातल्या अवयवांचं चित्र होतं. त्यातली मूत्रपिंडं त्यांनी बराच वेळ पाहिली. मग औषधांची चिठ्ठी घेऊन ते ताईला घरी घेऊन आले. वर पोचल्यावर त्यांनी माठातून पेला भरला आणि तिच्यासमोर धरला.

"ऐकलंस वाटतं सगळं," ताई म्हणाली.

"पडदा होता."

"तुला पडदा असला काय आणि भिंत असली काय. कान आधीपासूनच लांब." निम्मा पेला पिऊन तिने उरलेला खाली ठेवला. "असा बघत बसू नकोस. शाळेच्या परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात आल्या आल्या त्यांनी खणातून तक्ता काढला आणि पाणीवाल्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"पूर्वेकडचं माणशी पाणी इतकं कमी का आहे?"

पाणीवाला दचकला. "चूक नाही साहेब. यंदा पहिल्यांदाच मी स्वतः तिथे जाऊन मोजून आलोय."

"चूक आहे असं कुठे म्हटलं? कमी का आहे, विचारतोय."

"पाणी नाही म्हणून." सूर्य का उगवतो असं विचारल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"मग तक्त्यात ती काटकसर म्हणून कशी जाते?"

"तक्त्यात 'का'चा रकाना नाही ना साहेब. रकाना 'किती'चा."

भागाकारसाहेब आपल्या जागेवर आले. देशाच्या एकूण पाण्यात पूर्वेचा भाग असा होता, की तो बाजूला काढला तर गुण सरळ खाली उतरत होता. म्हणजे पूर्ण एक मिळाला होता तो त्या लोकांच्या तहानेवर. आणि ती माणसं तरीही जगत होती, मुलं शाळेत पाठवत होती, म्हणून गुण आणखी उजळला होता. एखाद्याने घेतलं नाही आणि एखाद्याला मिळालं नाही, या दोन्ही गोष्टी भागाकाराला सारख्याच दिसतात. ज्या माणसाने सगळी नोकरी भागाकारावर काढली, त्याला ही गोष्ट घरातल्या भरलेल्या बादलीतून कळावी, हे थोडं उशिराच झालं.

त्यांनी संस्थेला उत्तर लिहायला घेतलं. सही नव्हे, आक्षेप. म्हणणं साधं होतं: माणसाला नीट जगायला लागतं त्याहून कमी पाणी एखाद्या भागाला मिळत असेल, तर तिथे मिळालेलं पाणी धरू नये, गरजेचं पाणी धरावं. सगळ्या देशांना हाच नियम लावावा. मसुदा घेऊन ते संचालकांकडे गेले.

संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी मसुदा शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"आकडे खोटे आहेत का आपले?"

"नाही."

"संस्थेची रीत चुकीची लावली गेली?"

"नाही साहेब. रीतीप्रमाणे सगळं चोख आहे."

"मग तुम्हाला नेमकं काय झालंय?" संचालकांनी खुर्ची पुढे ओढली. "वरच्या ओळींत आणखीही काही देश आपल्यासारखेच बसलेत, हे तुम्हालाही दिसतंय. ते लिहिणार आहेत? ते सगळे उभे राहून टाळ्या घेणार, आणि आपण तेवढे खाली बसून म्हणायचं, की आम्हाला तहान लागली आहे?"

"हो," भागाकारसाहेब म्हणाले. "लागलीच आहे."

"मंत्रीसाहेबांनी सत्काराची तारीख दिली आहे हो."

"मी कोट इस्त्रीला दिलेला नाही."

संचालकांना हसू आलं, पण त्यांनी ते ओठातच ठेवलं. मग ते म्हणाले, "हे उत्तर तुमच्या सहीने जातं. माझी सही लागत नाही. मी उद्यापासून दोन दिवस रजेवर आहे, पाठ धरली आहे माझी. मी परत येईन तेव्हा जे गेलं असेल ते गेलं."

"पाणी कमी पिता का?" भागाकारसाहेबांनी विचारलं.

"काय?"

"काही नाही. पाठीचं म्हणालात म्हणून."

आक्षेप गेला. संस्थेकडून बरेच दिवस काही आलं नाही. मग आला तो पक्का तक्ताच. त्यांनी नवा नियम मान्य केला होता आणि सगळ्या देशांना लावला होता. पूर्ण एकवर बसलेले कितीतरी देश खाली घसरले होते आणि त्यांतले काही रागावले होते, असंही कळलं. हा देश पहिल्या पानावरून निघून तक्त्याच्या मध्याच्याही खाली जाऊन बसला होता. पूर्वेची योजना मदतीच्या यादीत राहिली.

कच्च्या तक्त्यातला पूर्ण एक आधीच बाहेर फुटला होता, त्यामुळे वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घसरण छापली. सत्कार रद्द झाला, पण फुलं सांगून ठेवलेली होती. ती कार्यालयात येऊन पडली आणि दोन दिवस बादलीत उभी राहिली. मंत्रीसाहेबांनी विचारलं, हा उद्योग कुणाचा? संचालकांनी सांगितलं, की आपण तेव्हा रजेवर होतो. पाणीवाला महिनाभर भागाकारसाहेबांशी जेवढ्यास तेवढं बोलला, कारण त्याने गावाकडे सगळ्यांना पहिला नंबर सांगून ठेवला होता.

जंगलवाल्या बाई मात्र उठून त्यांच्या टेबलाशी आल्या. "अभिनंदन, साहेब. शेवटी आलो एकदाचे माणसांत." आणि जाता जाता म्हणाल्या, "माझ्या लाकडाचं पण बघा कधीतरी. चूल पेटत नसेल तरी ती काटकसरच दिसते तक्त्यात."

पूर्वेकडे पाइप पोचले. पुष्कळ दिवस ते रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेले होते. पुढे काही गावांत नळ आला, काहींत यायचा होता. योजना म्हटली की असंच होतं, आणि भागाकारसाहेबांनी त्याहून जास्त अपेक्षा केलीही नव्हती.

घरी त्यांनी वेगळीच खटपट चालवली होती. तळमजल्यावरचा घड्याळजी कधीपासून अंधाराबद्दल कुरकुरत असे. बारीक चाकं, नाजूक काम, आणि खोलीत भर दुपारी दिवा. एके दिवशी साहेब त्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आमच्या वरच्या खोल्या घेणार का? उजेड बघून घ्या."

घड्याळजीने भिंग डोळ्यावरून वर सारलं. "आणि तुम्ही?"

"आम्ही इथे."

"इथे? डोळे जातील तुमचे. तुमचं तर सगळं काम आकड्यांचं."

"आकडे मला अंधारातही दिसतात," साहेब म्हणाले. "तोच तर घोटाळा आहे."

घड्याळजीला यातलं काही कळलं नाही. पण उजेड पाहायला तो लगेच वर गेला आणि खिडकीपाशी उभा राहून त्याने हात उन्हात धरून पाहिले. आठवड्याभरात अदलाबदल झाली. ताईने खाली येताना गुलाब वरच ठेवला, त्याला ऊन लागतं म्हणून. तुळस तेवढी सोबत आणली. खोलीत ओल होती आणि पत्ते खेळणारे आता अगदी खिडकीशी आले होते. पहिल्याच दिवशी ताईने खिडकीतून त्यांना बजावलं, "बाबांनो, मी इथून दिवसातून दहा वेळा जाणार आहे. तुम्हाला लाज वाटत असेल तर तोंड फिरवून बसा. मला आता वाटत नाही." ते आपला डाव उचलून अंगणाच्या पलीकडच्या टोकाला गेले.

पुढच्या वर्षीच्या भरतीलाही भागाकारसाहेबांनीच पहिला धडा घेतला. त्यांच्या निवृत्तीआधीचा तो शेवटचा. आदल्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे पाच घरांचे आकडे ताजे करून आले आणि कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली गणित मांडून बसले. ताई शेजारी बसून पाणी पीत होती. आता ती मोठ्या पेल्याने प्यायची आणि प्रत्येक पेल्याला औषध असल्यासारखं तोंड वाकडं करायची.

"माझा कितवा आला?" तिने विचारलं.

"शेवटचा."

"बाई गं. इतकी वर्षं पहिली होते. रोज आंघोळ काय करते, फरशी काय धुते. खाल्लं-प्यायलं सगळं त्या भागाकारात गेलं." ती खरोखर थोडी हिरमुसली होती. "मग पहिलं कोण आता? जिन्याजवळची ती?"

"नाही. वरचा घड्याळजी."

"तो? तो तर बादल्यांवर बादल्या ओतायचा!"

"खाली होता तेव्हा. आता त्याला अर्धी बादली पुरते." भागाकारसाहेबांनी आकडा पुन्हा एकदा तपासला. "पूर्ण एक."

ताईने पेला खाली ठेवला आणि वर छताकडे पाहिलं. मधे दोन मजले होते, त्यामुळे वरचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी ती थोडा वेळ कान देऊन बसली.

"उठ," ती म्हणाली. "आत्ता जा वर. त्याला सांग, पाणी पीत जा म्हणावं."

भागाकारसाहेबांनी पेन्सिल कानावर ठेवली, दाराशी भरून ठेवलेली बादली उचलली आणि जिना चढायला लागले.